बारशाला नेलेलं यूएसबी कार्ड

कार्ड लॅपटॉपच्या फटीत अर्ध्याच्या पुढे गेलं आणि अडलं.

मी बाहेर काढलं, उजेडाला धरून पाहिलं, पुन्हा घातलं. पुन्हा तिथेच. माझ्यामागे सोफ्यावर केतकी तिच्या इवल्याशा लेकीला घेऊन बसली होती. तिचा नवरा नितीन मोबाइलवर पुण्याशी बोलत होता. "हो हो, दोनच मिनिटं. मावशी बघतायत." ही दोन मिनिटं मी आल्यापासून चालली होती.

"अहो, जरा जोर लावा ना," स्वयंपाकघराच्या दारातून काकू म्हणाल्या. काकू म्हणजे नितीनच्या सख्ख्या काकू, राहायला लंडनमध्ये, एजवेअरला. बारशाचा सगळा कारभार त्यांच्या हातात होता आणि त्या क्षणी घुगऱ्यांचा डावही.

"काकू, हा नारळ नाही," मी म्हटलं. "जोर लावला तर आतल्या पिना वाकतील, आणि मग देवसुद्धा हे चालू करू शकणार नाही."

देवाचं नाव असं घेतलेलं काकूंना आवडलं नाही. त्या आत गेल्या.

तिकडे पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मीटिंग रूममध्ये केतकीची आई येऊन बसली होती. आदल्या दिवशी ती देवरुखहून एसटीने आली, नातीचं तोंड बघायला. केतकीचा भाऊ महेश त्या कंपनीत नोकरीला होता. त्याच्या मॅनेजरने रविवारपुरती ती खोली वापरायला दिली होती. देवरुखला त्यांच्या घरी तेव्हा इंटरनेट नव्हतं, पावसात साधा फोनसुद्धा मरायचा. आणि संध्याकाळच्या गाडीने आईला परत जायचं होतं, कारण घरी तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि शेजारीण तेवढ्यापुरतीच लक्ष ठेवायला तयार झाली होती. म्हणजे आज दिसली तर दिसली. नाहीतर पुन्हा कधी, ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

आणि हे सगळं माझ्या हातातल्या त्या पत्त्याएवढ्या कार्डावर येऊन ठेपलं होतं.

मी तेव्हा इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका कंपनीत आयटी सपोर्टला होते. आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. सपोर्टचं काम असं असतं, की ज्याचा कॉम्प्युटर नीट चालतोय तो तुम्हाला ओळखत नाही आणि ज्याचा बंद पडलाय तो तुमच्यावर चिडलेला असतो. ऑफिसात सगळे मला 'सू' म्हणत. सुषमा म्हणायला दोन मिनिटं जास्त लागतात त्यांना. मराठी पोरं मात्र मावशी म्हणत. मी कधी तसं सांगितलं नव्हतं, केस पांढरे दिसले की म्हणत असावीत.

नितीन त्याच ऑफिसात, वरच्या मजल्यावर टेस्टिंगला. त्याचा घरचा लॅपटॉप मूळचा आमचाच. कंपनीत नव्या मशिन्स आल्या की जुन्या फेकून देण्याऐवजी आम्ही त्यांची डिस्क पुसून, ज्याला हवी त्याला देऊन टाकायचो. मीच दिला होता त्याला.

केतकी लग्न करून ब्रॅकनेलला आली आणि वर्षभरात तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आपल्याकडे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. तिने बॅगा भरायलाही घेतल्या होत्या. पण हॉस्पिटलने विमानप्रवासाला मनाई केली. मग ठरलं, आईनेच थोडे दिवस इकडे यायचं आणि तोवर महेशने घरी आजीपाशी राहायचं. आईने आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला, डिंकाच्या लाडवांचा डिंकसुद्धा आणून ठेवला. आणि व्हिसा नाकारला. कारण काय, तर ही बाई परत जाईल अशी साहेबाला खात्री वाटेना. जी बाई सासूला सोडून एक रात्र पुण्यात राहायची तर दहा वेळा घरी फोन करते, ती म्हणे इंग्लंडात लपून राहणार. मला हे नितीनने कँटीनमध्ये सांगितलं तेव्हा मी त्या साहेबाला उद्देशून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बारशाच्या आधीच्या गुरुवारी नितीन माझ्या डेस्कपाशी आला. तोंड उतरलेलं.

"मावशी, नवा वेबकॅम आणलाय. लावला की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळा फुगा येतो. हे डिव्हाइस याहून फास्ट चालू शकतं, असं काहीतरी म्हणतो. आणि चित्र येतच नाही. काळं."

"डबा वाचलास?"

"कसला डबा?"

"कॅमेऱ्याचा."

"त्यावर फोटो होता."

"फोटोच्या खाली अक्षरं असतात, नितीन. यूएसबी टू पॉइंट झीरो लिहिलं असेल बघ."

आता हे जरा समजावून सांगते. लॅपटॉपच्या कडेला जी चपटी खाच असते, माउस वगैरे लावायची, ते यूएसबी पोर्ट. त्या काळी ती दोन तऱ्हेची होती, जुनी आणि नवी. दिसायला हुबेहूब सारखी, म्हणून लोक फसायचे. जुन्यातून माहिती ठिबकायची, नव्यातून धो धो वाहायची. माउसला, कीबोर्डला ठिबकणं पुरतं. नितीनच्या कॅमेऱ्याला नव्याशिवाय चालतच नव्हतं. एखादा जुना, साधा कॅमेरा असता तर कसंबसं भागलं असतं. पण त्याने दुकानातला सगळ्यात भारी उचलला होता. आजीला नात नीट दिसली पाहिजे, म्हणून. त्याच्यावर रागावणार तरी कसं.

"बदलून आण ना."

"डबा फाडला मी. दुकान घेत नाही."

"कप्पाळ माझं. जा, काम कर जाऊन. बघते मी."

माझा ऑफिसचा लॅपटॉप नवा होता, त्यावर सगळं चाललं असतं. पण ऑफिसच्या मशिनवर असलं काही बसवायचं नाही, असा कडक नियम होता आणि तो मीच लिहिला होता. मग मला ती कार्डं आठवली. जुन्या लॅपटॉपच्या बाजूला एक लांबट फट असायची, कार्ड सरकवायची. त्यात वेगवेगळी कार्डं घालून लॅपटॉपला नसलेल्या सोयी देता यायच्या. आमच्या साइटवर फिरणाऱ्या इंजिनिअर लोकांसाठी मागे यूएसबीची कार्डं मागवली होती. कार्ड आत सरकवलं की त्याच्या बाहेरच्या कडेला दोन नवी, फास्ट पोर्टं मिळतात. लॅपटॉप जुना तो जुनाच, पण त्याला खिडकी नवी.

माल्कम माझा बॉस. यॉर्कशरचा माणूस, शब्द मोजून वापरणारा. स्टोअरची किल्ली त्याच्याकडे.

"त्या यूएसबी कार्डांतलं एक हवं होतं," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"एका आजीला नात बघायचीय."

त्याने चहाचा घोट घेतला. "सिस्टिमवर अशी कॅटेगरी नाहीये, सू."

"मग 'इतर'मध्ये टाक."

"घेऊन जा. नव्या मशिन्स आल्यापासून कुणी विचारलेलं नाही." किल्ली देताना त्याने विचारलं, "पण आजी स्वतः का येत नाही?"

मी सांगितलं. त्याने मान हलवली. मग म्हणाला, "आमचा पहिला झाला तेव्हा माझी सासू राहायला आली. जाता जाईना."

मी हसले. नंतर बाथरूममध्ये जाऊन बेसिनपाशी उगाच नळ सोडून उभी राहिले. मला हेवा वाटला होता, माल्कमच्या बायकोचा, जिला मी कधी पाहिलेलंही नव्हतं. माझी दोन्ही मुलं रीडिंगच्या हॉस्पिटलात झाली. आई कराडला. तिला तार गेली. मोठ्याचा पहिला फोटो तिच्या हातात पडला तेव्हा तो पालथा पडायला लागला होता. ती इथे कधी आली नाही. आधी बाबांचं आजारपण, मग तिचं स्वतःचं. लोक म्हणतात, सवय होते. होते की. पण मला तेव्हा आई हवी होती आणि खरं सांगायचं तर आजही अंगात ताप भरला की हवी असते. या वयात असं बोललं की मुलं हसतात, म्हणून बोलत नाही.

दुसऱ्या दिवसापासून नितीन सुटीवर होता, म्हणून मी त्याला सांगितलं, "रविवारी येतेच आहे बारशाला, तेव्हा लावून देते. पाच मिनिटांचं काम आहे."

आमच्या धंद्यात हे वाक्य तोंडातून काढायचं नसतं. मला माहीत होतं, तरी काढलं.

रविवारी आमच्या रीडिंगहून ट्रेन नव्हती. रुळांची कामं चालली होती, ट्रेनच्या बदली बस. ती गावोगावी फिरत फिरत आली. मी पोचले तेव्हा घर माणसांनी नाही पण वासांनी भरलेलं होतं. घुगऱ्या, तूप, ओव्याची धुरी. हॉलमधल्या स्मोक अलार्मला काकूंनी शॉवर कॅप घातली होती, बाळाला धुरी देताना तो बोंबलू नये म्हणून. मी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

"बारावा दिवस काल होता," काकूंनी मला दारातच ऐकवलं. "पण त्या पुण्याच्या ऑफिसासाठी आज ठेवलं. आता निदान वेळेवर तरी होऊ दे."

मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर घेतला. आधी सीडीवरून ड्रायव्हर टाकला. ड्रायव्हर म्हणजे नव्या वस्तूची लॅपटॉपला ओळख करून देणारं छोटं सॉफ्टवेअर. तो आधी टाकायचा, कार्ड मागाहून. ते सगळं बिनबोभाट झालं. मग कार्ड सरकवलं, आणि तिथे घोडं पेंड खायला लागलं, ते मी सुरुवातीलाच सांगितलं.

मी पर्समधला छोटा टॉर्च काढला आणि त्या फटीत डोळा लावला. अगदी आत, पिनांच्या पायाशी, काहीतरी पांढरं होतं. बाजूला लाल.

"नितीन, फोन ठेव जरा. या लॅपटॉपवर काय सांडलंय?"

"काही नाही."

मी फटीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि त्याच्यासमोर धरलं. बोटाला कुंकू.

नितीन केतकीकडे बघायला लागला. केतकी बाळाकडे. बाळ झोपलेलं, म्हणून ते सुटलं.

"खंडेनवमीला पूजा केलीत याची?"

"मीच सांगितली होती करायला," आतून काकूंचा आवाज आला. मागोमाग त्याही आल्या. "पोटापाण्याचं साधन आहे. सुतार रंध्याची करतो, शिंपी मशिनची करतो. याने कशाची करायची?"

"करा ना, काकू. माझी ना नाही. पण अक्षता वरून वाहायच्या की आत भरायच्या?"

हळूहळू कळलं ते असं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी यांनी लॅपटॉप बंद करून पाटावर उभा ठेवला, भिंतीला टेकवून, देवाच्या तसबिरीसारखा. फटीची बाजू वर. त्या फटीला खरं तर एक खोटं प्लॅस्टिकचं कार्ड असतं, झाकणासारखं. ते आमच्याच ऑफिसात कधीतरी हरवलेलं. मग हळद, कुंकू, फूल, आणि वरून कुंकवात भिजवलेल्या अक्षता. यथासांग. ऑफिसच्या लॅपटॉपांमधून मी बिस्किटाचा चुरा काढलाय, मांजराचे केस काढलेत, एकाच्या तर कीबोर्डमधून नखं काढलीत. अक्षता पहिल्यांदाच. आणि हे संकट आपल्याच माणसांच्या घरात येऊ शकतं, हे माल्कमच्या स्वप्नातही आलं नसतं.

लॅपटॉप उलटा करून हलकेच थोपटला. थोडे दाणे टेबलावर पडले. एक मात्र हटून बसला. ओल्या कुंकवाने तो तळाला चिकटून वाळला होता. चिमटा घालायची सोय नाही, धातू पिनांना लागला तर सगळंच संपलं.

"महेश म्हणतोय, आईची एसटी," नितीन पुटपुटला.

"मला माहितीये. काकू, उदबत्तीची काडी आहे? विझलेली?"

काकू काडी घेऊन आल्या. नितीनच्या ड्रॉवरमध्ये भिंतीवर पोस्टर चिकटवायचा तो निळा गोळा सापडला. त्यातला कणभर काडीच्या टोकाला लावला. काकूंच्या हातात टॉर्च दिला.

"काकू, हलू नका."

"मी नाही हलत. तुम्हीच हलताय."

खरं होतं ते. ऑफिसात असं होत नसे. ऑफिसात फार तर एखाद्या मॅनेजरचं प्रेझेंटेशन अडकलेलं असायचं, आणि त्यांची प्रेझेंटेशनं अडकली तर जगाचं काही बिघडत नाही. इथे सोफ्यावर ती पोरगी बसली होती, एक शब्द न बोलता. सकाळपासून तिने एकदाही 'होईल ना मावशी' असं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दाणा निघाला. काकूंनी तो तळहातावर घेतला आणि देवापुढे नेऊन ठेवला, त्याला बिचाऱ्याला काय माहीत.

कार्ड या वेळी सरळ आत गेलं आणि कुलूप लागल्यासारखा टक्क आवाज आला. लॅपटॉपने ते ओळखलं. कॅमेऱ्याची वायर नव्या पोर्टात घातली. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला. नितीन टाळ्या वाजवणार एवढ्यात विझला. पुन्हा लागला. पुन्हा विझला.

"आता काय?" काकू.

"दुष्काळात तेरावा महिना."

कॅमेऱ्याला वीज लागते आणि ती त्याला पोर्टातूनच मिळते. या म्हाताऱ्या लॅपटॉपच्या फटीतून कार्डाला वीज कमी मिळत होती. कार्ड स्वतः कसंबसं जगत होतं, कॅमेऱ्याला कुठून देणार. मी पिशवी टेबलावर पालथी केली. माल्कमने कार्डाबरोबर एक बारकी वायर टाकली होती. मी ती गुरुवारीच कचरा म्हणून काढून टाकणार होते, आळसाने राहिली. तिचं एक टोक लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी पोर्टात जातं आणि दुसरं कार्डाच्या कडेच्या टाचणीएवढ्या भोकात. ज्या पोर्टाला मी गुरुवारपासून नावं ठेवत होते, त्याच्याकडूनच उसनी वीज घेतली. चित्र त्याला झेपत नव्हतं, पण वीज ते देऊ शकत होतं.

दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

नितीनने कॉल लावला. स्क्रीनवर आधी चौकोन चौकोन, मग एक लांबलचक टेबल दिसलं आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला, डायरेक्टरची असावी अशा मोठ्या खुर्चीत, एक लहानशी बाई. नेसूला ठेवणीतली साडी, मांडीवर प्रवासाची पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. एसटी स्टँडवर बसतात तशी बसली होती. महेशने तिला खुर्चीसकट ढकलत जवळ आणलं.

नितीनने बाळ उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. कुंची घातलेलं, लालबुंद, डोळे मिटलेलं.

आई बघत राहिली. आवाज येत नाही की काय म्हणून मी वाकून बघायला लागले. तेवढ्यात ती म्हणाली, "छान आहे हो. आणि केतकी कुठंय?"

केतकी पुढे येऊन बसली.

"कान का नाही बांधलेस?"

"आई, घरात हीटिंग आहे."

"हीटिंगला काय कळतंय बाळंतिणीचं. वाळलीस गो."

"नाही गं. कॅमेऱ्यात दिसतं तसं."

"मला नको सांगू. अळीव खातेस ना? कोण करून घालतं?"

"काकू घालतात. त्या चार दिवस राहिल्यायत."

"त्यांना माझा नमस्कार सांग." काकू मागे होत्या, त्यांनी डाव हातात धरूनच नमस्कार केला.

मग बारसं झालं. पाळणा नव्हता, वेताची टोपली होती हँडलची, इकडे तान्ह्या मुलांना निजवतात तसली. काकूंनी तिला झेंडूची माळ बांधली होती. त्यांनीच पाळणा म्हटला, त्यांनीच बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि कुर्र केलं.

"ऐकू नाही आलं," पुण्याहून महेश म्हणाला.

"कानात सांगतात रे ते. ऐकू कसं येईल?"

"पण आईला ऐकायचंय."

काकूंनी क्षणभर विचार केला. मग लॅपटॉपच्या माइकपाशी तोंड नेऊन, पत्ता सांगावा तसं मोठ्यांदा सांगितलं, "सई." पुण्याला ते ऐकू गेलं. आईने तिथल्या तिथे दोनदा म्हणून पाहिलं, सई, सई.

महेश घड्याळाकडे बघायला लागला. मीही आवाज, चित्र सगळं एकदा तपासलं आणि आवरायला घेतलं. आता आमच्याकडे हेल्पडेस्कला एक पद्धत होती. कुणाचंही काम झालं की कॉल बंद करण्याआधी विचारायचंच, अजून काही मदत हवी आहे का? हा प्रश्न उत्तरासाठी विचारत नाहीत. समोरचा नो थँक्स म्हणतो, आपण कॉल बंद करतो. वर्षानुवर्षं विचारून ते माझ्या जिभेला चिकटलं होतं. मी घरी भाजी वाढतानाही मुलांना तसं विचारायची.

मी स्क्रीनकडे वाकून म्हटलं, "नीट दिसलं ना सगळं? अजून काही हवंय का?"

केतकीच्या आईने माझ्याकडे निरखून पाहिलं.

"तुम्ही कोण?"

"मी सुषमा. नितीनच्या ऑफिसातली. हे जोडून द्यायला आले होते."

"तुम्ही तिच्या शेजारीच आहात?"

"हो. इथेच आहे."

"मग तिच्या डोक्यावरून जरा हात फिरवा. माझा पोचत नाही."

माझ्या हातात अजून टॉर्च होता. तो मी टेबलावर ठेवला. केतकीच्या डोक्यावर हात ठेवला. केस कोरडे होते, कितीतरी दिवसांत तेल न लागलेले, बोटांना अडकत होते. सकाळपासून जी पोरगी माझ्याशी शब्दाने बोलली नव्हती तिने माझ्या पोटाशी डोकं टेकवलं आणि रडायला लागली. आवाज न करता, बाळ उठू नये म्हणून.

"पुढून मागे," पुण्याहून आई म्हणाली. "कानामागून घ्या. हां. असंच."

"आई, आता त्यांना तिकडनं शिकवू नको," महेश म्हणाला. "उंटावरून शेळ्या हाकतेस."

"तू गप्प बस."

मी तिच्याकडे पाहिलं. तिची पिशवी खाली पडली होती आणि तिचा हात टेबलाच्या वर, हवेत, पुढून मागे फिरत होता. मी करत होते तसाच, फक्त जरा मागाहून. त्या काळच्या लाइनवर चित्र थोडं उशिरा पोचायचं. एरवी मी या उशिराला शिव्या घालायची. आज मनात आलं, मी हात उचलला तरी तिला तो अजून थोडा वेळ लेकीच्या डोक्यावरच दिसेल. तरीही मी उचलला नाही. मला उचलवेना. कुणाचा हात आणि कुणाचं डोकं, हे मला त्या घडीला धड सांगता आलं नसतं. मलाही रडू येत होतं. काकूंनी मला खुर्ची आणून दिली आणि त्या आत गेल्या.

आईची गाडी चुकली नाही. महेशने खाली रिक्षा उभी करून ठेवली होती. माझी बदली बस मात्र गेली, पुढची येईपर्यंत मी केतकीच्या डोक्याला तेल लावून दिलं. मग पुढच्या रविवारीही गेले, आणि त्याच्या पुढच्याही. दुसऱ्यांदा अर्ज केल्यावर आईला व्हिसा मिळाला. तोवर सई चालायला लागली होती. आजीला पाहून ती काकूंच्या साडीमागे लपली आणि दोन दिवस तिने आजीला हातही लावू दिला नाही. आजीने केतकीकडे मोर्चा वळवला.

बारशानंतरच्या सोमवारी माल्कमने विचारलं, "कार्ड चाललं?"

"चाललं."

"काही अडचण?"

"तांदूळ," मी म्हटलं.

त्याने पुढे काही विचारलं नाही. चांगला बॉस होता.

रिटायर होण्याआधी हेल्पडेस्कला येणाऱ्या नव्या मुलामुलींना मी ट्रेनिंग द्यायची. ड्रायव्हर आधी टाका, कार्ड मागाहून. बारकी वायर फेकू नका. फटीत टॉर्च मारून बघितल्याशिवाय जोर लावू नका. आणि शेवटचा तो प्रश्न विचाराल तेव्हा उत्तर येईल अशा तयारीने विचारा. बहुतेकदा येत नाही. आलंच, तर आधी हातातलं खाली ठेवा.